न पाहिलेल्या शहराचा डे-प्लॅन

अमेरिकेतलं एक शहर मला पाठ आहे. फार मोठं नाही. आपल्या लोकांत त्याचं नाव काढलं तर विचारतात, हे कुठे आलं? शहराच्या मधून नदी जाते. नदीवर एक जुना लोखंडी पूल आहे. त्यावरून पूर्वी मालगाडी जायची, आता माणसं नुसती चालतात. जुन्या रेल्वे स्टेशनात मुलांसाठी विज्ञानाचं म्युझियम केलंय. गुलाबांची बाग आहे, ती जूनमध्ये पाहावी. प्राणिसंग्रहालयात सकाळी दहाला पाणमांजरांना मासे टाकतात. चित्रांचं म्युझियम महिन्याच्या पहिल्या रविवारी फुकट. मी तिथे गेलेलो नाही. स्वतःचा देश सोडून मी दुसरा एकच देश पाहिला, हा. आणि हाही बराचसा काउंटरच्या आतून.

काउंटर इथे आखातात, देरा भागातल्या एका टायपिंग सेंटरचा. ज्यांना इंग्रजी किंवा अरबी फॉर्म भरता येत नाहीत, ते आमच्याकडे येतात. माझी शाळा आठवीत सुटली, पण बोटं कीबोर्डवर चालतात, आणि कुठल्या चौकोनात काय लिहायचं हे बारा वर्षांत डोळ्यांना कळलंय. ही नोकरी मला चाचांनी लावून दिली. चाचा आमच्याच गावचे, रायगडच्या किनाऱ्यावरचे. ते वरच्या मोहल्ल्यातले, आम्ही खालच्या आळीतले. मालकासमोर उभं राहून ते म्हणाले होते, "पोरगा माझा आहे असं समजा." मी त्यांचा कोणीच नव्हतो. अजूनही काउंटरवर चूक झाली की मला आधी चाचांचा चेहरा दिसतो, मग मालकाचा.

आमच्या सेंटरची एक पद्धत होती. युरोपच्या व्हिसाला डे-प्लॅन जोडावा लागतो. कुठल्या दिवशी काय पाहणार, त्याचा कागद. तो मी बनवायचो. पुढे कुणी अमेरिकेचा फॉर्म घेऊन आला तरी मी तसाच कागद जोडू लागलो. कुणी मागितला नव्हता. पण फाइल जाड झाली की माणसाला धीर येतो. मलाही यायचा.

मार्च महिन्यात चाची सेंटरवर आल्या. एरवी त्या करामातल्या आपल्या घराबाहेर फारशा पडत नाहीत. दर शुक्रवारी माझ्यासाठी डबा पाठवतात, तो चाचाच आणून देतात. त्या दिवशी त्या एकट्या बसने आल्या आणि टोकन न घेताच माझ्यासमोर बसल्या.

"लेक गरोदर आहे," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये मोकळी होईल. पहिलं बाळंतपण आईकडे व्हायला हवं. डॉक्टर तिला विमानात बसू देत नाही. मग मीच जाते. लिही."

लेक म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन त्या शहरात गेली, त्याला तीन वर्षं झाली होती. जावई सकाळी सातला कामावर जातो, तिकडे दुसरं कोणी नाही. चाचींना दोन महिने राहायचं होतं. पहिले चाळीस दिवस बाळाला न्हाऊ-माखू घालायचं, बाळंतिणीला शेक द्यायचा, आणि मग यायचं. एवढंच.

मी घाबरलो. दोन वर्षांपूर्वी आमच्याच एका गिऱ्हाइकाने व्हिसाच्या खिडकीवर 'डिलिव्हरीसाठी जातेय' असं सांगितलं होतं आणि तिला नकार आला होता. नकार कशामुळे आला हे कुणालाच माहीत नव्हतं. पण माझ्या डोक्यात तेच बसलं होतं.

"बाळंतपणाचं बोलायचं नाही," मी म्हणालो. "फिरायला जाताय असं सांगायचं. चौदा दिवस."

"चौदा दिवसांत काय होतंय रे?"

"आधी आत तर जा, चाची. पुढचं पुढे बघू."

त्यांनी मान हलवली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाला सगळं कळतं असं त्यांना वाटायचं.

मुलाखतीची तारीख लांबची होती. एप्रिलमध्ये कुणीतरी रद्द केलेली मिळाली. हातात अकरा दिवस होते. त्या शहराबद्दल नेटवर जेवढं सापडलं तेवढं वाचून मी चौदा दिवस भरले. एकही दिवस रिकामा ठेवला नाही. सोमवारी पूल, मंगळवारी विज्ञानाचं म्युझियम, बुधवारी पाणमांजरं. एका यादीत तिसऱ्या नंबरवर बिअरच्या कारखान्याची सहल होती, ती गाळली. त्या जागी घड्याळाचा टॉवर टाकला. लेकीचं घर टाकायचं शेवटी आठवलं. रविवारी सकाळी चित्रांचं म्युझियम होतं, म्हणून दुपारी लिहिलं, 'मुलीकडे जेवण.'

रोज संध्याकाळी करामाला जाऊन मी त्यांच्याकडून पाठ करून घ्यायचो. चाचा दारामागच्या खुर्चीत बसून हसायचे.

"पुलावर काय आहे?" चाचींनी विचारलं.

"काही नाही. चालायचं."

"या काठावरनं त्या काठाला? आणि मग?"

"मग परत."

"खाडी ओलांडायला इथे अब्राची होडी एक दिरहम घेते. तेवीस-चोवीस रुपये. आणि हे लोक नुसतं चालायला विमानाने जातात?"

"तुला चालायला तरी कुठे येतंय," चाचा म्हणाले. "गुडघे बघ आधी."

"गुडघ्यांचं फॉर्ममध्ये विचारलंय का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग गप बसा तुम्ही."

एकदा त्यांनी लेकीलाच फोन लावला. "तो पूल कसा आहे गं?"

"कुठला पूल, अम्मी?"

"रेल्वेचा. माणसं चालतात तो."

"मला नाही माहीत. मी हॉस्पिटल, ग्रोसरी आणि घर, एवढंच करते."

चाचींनी फोन बाजूला करून माझ्याकडे पाहिलं. "तिला माहीत नाही. आपण पाठ करतोय." त्या हसल्या. मीही हसलो. हसण्यापेक्षा थांबायला हवं होतं, हे आता कळतं.

मुलाखतीला मी सोबत गेलो. आत फक्त त्यांनाच सोडलं. बाहेर सावलीच्या एका पट्ट्यात मी उभा राहिलो. सूर्य सरकला तसा पट्टाही सरकला, आणि मीही. दीड तासाने त्या आल्या. हातात पासपोर्ट होता आणि एक कागद. व्हिसा मिळाला तर पासपोर्ट ते ठेवून घेतात; तो लगेच हातात परत आला की काय झालं ते मला वाचावं लागत नाही.

चाचींना अजून कळलं नव्हतं. त्या खुशीत होत्या.

"एक पण चुकले नाही रे," त्या म्हणाल्या. "हिंदी बोलणारी एक बाई होती, ती साहेबाचं मला सांगायची. साहेबाने विचारलं, मुलीला कधी भेटणार? मी म्हटलं, रविवारी दुपारी, जेवायला. मग म्हणाला, आणि बाकीचे दिवस? मी सगळे सांगितले. सोमवारपासून. टॉवरसुद्धा. त्याने परत विचारलं, तीन वर्षांनी भेटणार आणि फक्त जेवायला? मी म्हटलं, वेळ कुठाय, इतकं बघायचंय."

मी कागद वाचला. कागदात त्यांचं नावही नव्हतं, सगळ्यांना देतात तोच छापील कागद होता.

"काय लिहिलंय?"

"नाही झालं, चाची."

त्यांनी पासपोर्ट पिशवीत ठेवला. चेन लावली. परत उघडली, आत पाहिलं, परत लावली. टॅक्सीत त्या शेजारी बसल्या. मला वाटलं रडतील. त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. मीही पाहत होतो. काय पाहिलं ते आठवत नाही. घराजवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळपासून काही खाल्लंस का तू?"

संध्याकाळी मी चाचांना सगळं सांगितलं. चौदा दिवस मी ठरवले, बाळंतपण लपवायला मी सांगितलं, लेकीचं घर शेवटी घातलं. ते ओरडतील याची मी वाट पाहत होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "खलास. तू चांगल्यासाठीच केलंस." मग त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

मी म्हणालो, परत अर्ज करू, या वेळी खरं तेच लिहू. पुढची तारीख लेकीच्या बाळंतपणाच्या तारखेनंतरची मिळत होती.

जूनमध्ये मुलगी झाली. मला फोन आला तेव्हा मी कुणाचा तरी फॉर्म भरत होतो. "मुबारक हो," मी म्हणालो आणि पुढच्या चौकोनात जन्मतारीख टाकली. काहीच वाटलं नाही. त्या महिन्यांत कशाचंच फारसं काही वाटत नव्हतं. भूक लागली की जेवायचो.

तिसऱ्या दिवशी चाचींनी बोलावलं. तिकडे सकाळचे दहा म्हणजे इथे संध्याकाळचे सात. जूनपासून चाचांची ड्यूटी संध्याकाळची झाली होती. चाचींना फोन धरायला माणूस हवा होता. मालकाने मला रोज अर्धा तास लवकर सोडलं, कारणही विचारलं नाही. हे मी विसरणार नाही.

चाचींनी जमिनीवर चादर घातली, पाय लांब केले आणि पायांवर एक उशी आडवी घेतली. मी समोर बसून फोन धरला. तिकडे लेकीने पाय लांब केले आणि बाळाला घेतलं.

"तेल आधी टाळूला. बोट नको, तळहात."

"अम्मी, she's slipping!"

"नाही पडत. गुडघे जवळ घे. असे. पोरा, फोन खाली कर, तिला माझे पाय दिसू देत."

मी फोन खाली केला. चाचींचे हात उशीवरून खांद्यापासून मनगटापर्यंत उतरायचे. तिकडे लेकीचे हात तेच करायचे, थोडे उशिरा. बाळ रडलं की चाची उशीला थोपटायच्या. माझा हात भरून यायचा. मी हात बदलत नव्हतो, कारण बदलला की चित्र हलायचं आणि लेक घाबरायची.

असे चौतीस दिवस गेले. पस्तिसाव्या दिवशी लेकीने पाणी काढलं, तेल गरम केलं, बाळ पायांवर घेतलं, आणि चाचींनी काही सांगायच्या आधीच टाळूला तळहात लावला. चाची उशीवर हात ठेवून नुसत्या पाहत राहिल्या. तिने बाळाला पालथं घेतलं, पाठ चोळली, अंघोळ घातली, घट्ट गुंडाळलं. एकदाही विचारलं नाही.

"झालं, अम्मी. झोपतेय ती. ठेवू?"

"ठेव."

फोन बंद झाला. चाचींनी उशी झटकली आणि तिचा अभ्रा काढला. तो तेलकट झाला नव्हता, तरी धुवायला टाकला. मग मला म्हणाल्या, "उद्यापासून येऊ नकोस. तिला जमतंय आता."

मी बरं म्हणालो.