इंदापूर गाडीतली जागा

बारामतीचा नवा स्टँड विमानतळासारखा झालाय, असं आम्ही बारामतीकर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला सांगतो. आमच्यातल्या निम्म्यांनी विमानतळ पाहिलेला नाही, ती गोष्ट वेगळी. फरशी इतकी चकचकीत, की तंबाखू थुंकायचीही माणसाला लाज वाटते.

जुन्या स्टँडवर एकच कायदा होता: खिडकीतून जे आत पडेल, त्याची जागा. रुमाल, टोपी, मेथीची जुडी, काहीही. एकानं तर पायातली चप्पल टाकली आणि भांडण लागल्यावर दुसरी दाखवून मालकी सिद्ध केली. बांधावरून एकमेकांची डोकी फोडणारे भाऊबंद सीटवरच्या रुमालाला मात्र हात लावत नसत. आईकडे रुमाल नसायचा, तिच्याकडे मी होते. गाडी थांबते न थांबते तोच ती मला खिडकीतून आत ढकलायची, आणि मी अख्ख्या बाकावर आडवी पडून राहायचे. आमचं गाव, अंथुर्णं, येईपर्यंत माझ्या फ्रॉकनं सगळी गाडी पुसून काढलेली असायची, पण आई खिडकीशी ऐटीत बसलेली असायची.

आता आईनं पंच्याहत्तरी ओलांडलीय. वडील गेल्यापासून ती आमच्या फ्लॅटात राहते. लिफ्ट आहे, खाली बागेत बाकं आहेत, पण तिला त्यातलं काहीच नकोय. तिला अंथुर्ण्याला जायचंय, तेही एकटीनं. आम्ही भावंडं एका सुरात म्हणायचो, “रविवारी कारनं सोडतो.” तो रविवार काही उगवायचा नाही.

“सोडाया मी काय ल्हान पोर हाय? यष्टी फुकाट हाय मला. जाती की एकटी.”

“उतरायचं विसरलीस म्हणजे?”

“अंथुर्णं इसरीन व्हय मी? तुमी इसरलासा.”

परवा कटकट नको म्हणून मी तिला स्कूटरवर बसवून स्टँडवर नेलं. गर्दी बघून तीच मागं फिरेल, असा माझा डाव होता. जागा मिळाली तर जायचं, नाहीतर मुकाट घरी, अशी अटही घातली. ती लगेच “व्हय” म्हणाली. तिथंच मला संशय यायला हवा होता.

अंथुर्ण्यावरून जाणारी इंदापूरची लाल गाडी लागली आणि सगळा विमानतळ दाराकडे धावला. स्टँड नवा, माणसं तीच. मी हसू दाबत “चल घरी” म्हणणार, तोवर आईनं माझ्या खांद्यावरची पर्स ओढून घेतली आणि नेम धरून खिडकीतून आत टाकली. मोबाईल, घराच्या किल्ल्या, स्कूटरची किल्ली, सगळं आत! कॉलेजच्या मुली पर्सकडे नुसत्या बघत राहिल्या. त्यांना कायदा कुठला ठाऊक? पण मागच्या सीटवरच्या एका फेटेवाल्या आबांनी जाहीर केलं, “जागा धरलीया. कुनी बसू नगा.”

“जागा हाय माजी, सरका,” करत आई गर्दीतून वर चढली, खिडकीशी बसली आणि पर्स मांडीवर घेतली. मी खालून “पर्स दे, पर्स दे” म्हणून ओरडत होते. तिनं मला हसून टाटा केला. गाडी गेली.

कँटीनवाल्याचा फोन मागून मी माझाच नंबर पुन्हापुन्हा लावत बसले. खूप वेळानं कुणीतरी उचलला आणि आईच्या हातात दिला.

“आई, पोचलीस का? बरी आहेस ना?”

“कोन बोलतंय?” तिनं मला ओळखलं होतं, यात मला तिळभर शंका नाही. “ह्यो फोन माज्या लेकीचा. ती हितं न्हाय, बाई. तिला बारामतीत ठिवलीया. एकटी सोडायजोगी न्हाय ती, किल्ल्या हरवती.”

मागं गावातल्या तिच्या मैत्रिणी खिदळल्या. आईही हसली, पार ठसका लागेपर्यंत. मी इतकी चिडले होते, तरी मला रडू आलं. आमच्या फ्लॅटात ती अशी एकदाही हसली नव्हती.