लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर

सडा टाकून झाला होता. गोठ्यातलं शेण उचललं, चूल पेटवली, भात ठेवला आणि ओसरीत लाखोळीची डाळ निवडत बसले, तेवढ्यात फाटकाशी सायकलची घंटी वाजली. पांढरा सदरा घातलेले एक वयस्क गृहस्थ कापडी पिशवी घेऊन उभे होते.

"जुन्या लग्नपत्रिका आहेत का घरी?"

खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "मास्तर, या वयात आता कोनाचं लगन जमवून राहिले?"

"इंग्रजी शब्दाईचं, आत्याबाई. त्याईचेही नातलग असतात."

माझे यजमान जाऊन तेव्हा चार महिने झाले होते. त्या घरात कोणी हसण्यासारखं बोललं, ते चार महिन्यांत पहिल्यांदाच.

हे आमचे रामटेके सर. हायस्कूलमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर ते आसगावलाच राहिले आणि समाजमंदिराच्या ओट्यावर रोज संध्याकाळी मुलामुलींचा वर्ग घेऊ लागले. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात त्यांचे शिकून मोठे झालेले विद्यार्थी लिहितील. मी चौथीपर्यंत शिकलेली. पुढचं वाचन किराणा बांधून येणाऱ्या कागदांवर आणि वाचनालयाच्या पुस्तकांवर झालं. इंग्रजीची अक्षरं माझ्या मुलीच्या जुन्या पुस्तकातून ओळखीची झाली होती, पण शब्द लागत नसत.

पत्रिकेची एक बाजू कोरी असते. सर त्या बाजूवर मधोमध एक मूळ लिहीत आणि भोवती त्याचं घराणं. 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. मग पोर्टर, इम्पोर्ट, एक्सपोर्ट, ट्रान्सपोर्ट हे एका घरचे. पत्रिकांना भोक पाडून त्या सुतळीत ओवलेल्या असत. अर्थ मात्र सर सांगत नसत. "याच्या घरचे कोण, ते पाहा. अर्थ आपोआप सापडते," म्हणत.

पाठांतराचा त्यांना राग. एकदा एका मुलीने पन्नास शब्द धडाधड म्हणून दाखवले. सरांनी त्याच घराण्यातला एक नवा शब्द विचारला, तर ती तो पाठ केलेल्यांतच शोधू लागली. सर म्हणाले, "पोतं घरात ठेवलं त सरते, बाई. पऱ्हे लावले त वाढते." रोवणीच्या दिवसांत धानाची ही रोपं, पऱ्हे, लावताना ज्यांच्या हाताला चिखल लागतो, त्या मुलींना याहून सोपं करून कोण सांगणार?

मी त्या वर्गात गेले ती शब्दांसाठी नाही. माझ्याकडे एक फाइल होती. यजमान एप्रिलच्या उन्हात उन्हाळी धानाचं पाणी पाहायला गेले आणि शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच, कोसळले. दवाखान्यात दोन दिवस होते, तिथेच गेले. धानाच्या बांधीत पाणी पाहून या, असं त्यांना मीच म्हटलं होतं. गावाने ठरवलं, ऊन लागलं. सासूबाईंनी ठरवलं, "तूनंच धाडलं त्याले उन्हात." मीही तेच मानून बसले होते. दवाखान्याची फाइल इंग्रजीत. ज्याला दाखवावी तो वरवर पाहून वेगळंच सांगे.

मी ती सरांपुढे ठेवली. "सर, मले एवढं वाचून द्या. माझ्यानं झालं का, तेवढंच पाहिजे."

सरांनी सगळी पानं शांतपणे पाहिली आणि फाइल मिटून माझ्या हातात दिली. "मी आता सांगून देईन, ताई. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल. उद्या दुसरा काही म्हणेल, त त्याच्यावर ठेवाल. तुम्ही सोता वाचा. मी संग आहो."

त्या दिवशी मला त्यांचा फार राग आला. पाच मिनिटांचं काम होतं. तरी दुसऱ्या संध्याकाळी गेले. मुलींमध्ये बसायला लाजत होते. सरांनी पत्रिकांच्या माळा सांभाळायचं काम माझ्याकडे दिलं, म्हणजे बसायला कारण झालं.

चुकत होते भरपूर. 'पेड' म्हणजे पाय, तर पेडल आणि पेडेस्ट्रियनच्या शेजारी मी 'पॅडी' लिहिलं. धान तर पाय चिखलात घालूनच लावतात! मुली हसल्या. सरही पोटभर हसले, पण मला नाही, माझ्याबरोबर. मग म्हणाले, "चेहरा सारखा दिसला म्हणून कोणी घरचा होत नाही. हा शब्द समुद्रापलीकडच्या धान पिकवणाऱ्यांकडून आला. आपल्यासारखेच लोक, पण घर वेगळं." त्यांनी शब्द खोडला नाही, वेगळी पत्रिका दिली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फाइलमधले शब्द सुटे होऊ लागले. 'इंट्रा' म्हणजे आत. 'सेरेब्रल' मेंदूचं. 'हेम' रक्त, 'रेज' फुटून वाहणं. सगळे जोडले, तर यजमानांच्या मेंदूच्या आत रक्त फुटून वाहिलं होतं. 'हायपर' म्हणजे प्रमाणाबाहेर. एका संध्याकाळी मी घरात राखून ठेवलेली शेवटची पत्रिका नेली, आमच्या स्वतःच्या लग्नाची. सरांनी ती उलटून दोन्ही नावं वाचली आणि पेन माझ्याकडे दिला. मी मागे लिहिलं, हायपरटेन्शन. रक्ताचा दाब प्रमाणाबाहेर. फाइलच्या तळाशी एक जुना पिवळा कागद होता, यजमानांनी जाण्याच्या दोन वर्षं आधी कुठेतरी स्वतःला तपासून घेतलं होतं त्याचा. त्यावरही हाच शब्द, खाली गोळ्या लिहिलेल्या. त्यांनी घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

मी म्हटलं, "म्हणजे ऊन नव्हतं, सर?"

सरांना होय म्हणता आलं असतं. ते म्हणाले, "ऊन नव्हतं, असं कागद म्हणत नाही, ताई. कागद एवढंच म्हणते, की हे दुखणं तुमच्या बोलण्याच्या दोन वर्षं आधीचं आहे. जेवढं लिहिलं तेवढंच वाचा."

मला खोटा धीर न देणारे ते पहिले होते. म्हणून त्यांनी दिलेलाच धीर टिकला. दुःख आहे तसंच आहे, पण आता ते माझं एकटीचं पाप नाही.

सरांनी पंचाहत्तरी गाठली. कान थोडे कमी झालेत, सायकल चालूच आहे. गुडघे त्यांना साथ देवोत, नजर शाबूत राहो आणि पुढची कितीतरी वर्षं ती घंटी आमच्या फाटकाशी वाजत राहो. यंदाच्या लग्नसराईतल्या पत्रिका मी जमवून ठेवल्या आहेत, पिशवीभर.

एक सांगायचं राहिलं. फाइल वाचून झाल्यावर मी काय केलं, हे सरांनी मला कधी विचारलं नाही, म्हणून इथे लिहिते. दुसऱ्या दिवशी सकाळी भात करून झाकून ठेवला. सासूबाई विचारत होत्या, "मले कायले नेतं? मले का झालं?" त्यांचा हात धरून मी त्यांना पवनीच्या एसटीत बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेऊन त्यांचा रक्तदाब मोजून घेतला.