सेन्सरवर कुंकू

टेक्सासमधल्या फ्रिस्कोतला मराठी माणूस कॅमेरा दोनच वेळा घेतो. एक, घरात मूल होणार असलं की. आणि दुसरं, यलोस्टोनची ट्रिप बुक केली की. मग दोन लेन्स, एक बॅग आणि वारा आला की डुलणारा ट्रायपॉड असा भलामोठा खोका घरी येतो. ट्रिपभर सगळे फोटो फोनवरच निघतात आणि कॅमेरा जाऊन बसतो क्लोझेटमध्ये, विंटर जॅकेटांच्या मागे. पण घ्यायच्या आधी सल्ला मात्र विचारायलाच हवा. आणि तो कुणाला विचारायचा? तर सत्यजित घाटग्याला. का? तर तो सांगलीच्या घाटगे फोटो स्टुडिओवाल्यांचा मुलगा!

सत्यजितला कॅमेऱ्यातलं काय कळायचं म्हणाल, तर भोपळा. सॉफ्टवेअरमध्ये चांगला मॅनेजर, पण "मेगापिक्सेल बघ यार, जितके जास्त तितका भारी," यापलीकडे त्याची गाडी जायची नाही. तो बाहेर असली मुक्ताफळं उधळत असताना आत किचनमध्ये त्याच्या आईच्या, नंदाताईंच्या, हातातलं लाटणं थांबायचं. अरे, त्या माणसाला शाळेच्या अंधाऱ्या हॉलमध्ये पोरीचा डान्स टिपायचाय, मेगापिक्सेल काय चाटायचेत त्याला? जास्त उजेड आत घेणारी लेन्स सांग की! हे सगळं जिभेच्या टोकावर यायचं आणि नंदाताई ते गिळून टाकायच्या. ही गिळायची सवय जुनीच होती.

नंदाताईंचे वडील इचलकरंजीला घड्याळजी होते. लेक सात वर्षांची असल्यापासून डोळ्याला भिंग लावून त्यांच्याशेजारी बसायची. मोहरीएवढा स्क्रू चिमट्यात धरून जागेवर बसवणं तिला वेणी घालण्याइतकं सोपं वाटायचं. लग्न होऊन ती सांगलीला आली, तेव्हा नवऱ्याचा, जगन्नाथरावांचा, स्टुडिओ नुकता सुरू झाला होता. त्यांची नजर उत्तम, फोटो फर्स्ट क्लास काढायचे. पण कॅमेरा बिघडला की तो घेऊन मुंबई गाठायची, नाहीतर हात चोळत बसायचं. एका दुपारी बायकोनं अडकलेलं शटर खोललं, साफ केलं, परत जोडलं. जगन्नाथराव बघतच राहिले.

त्या दिवसापासून दुपारी एक ते चार दुकानाची फळी बंद आणि मागच्या खोलीत नंदाताईंचं टेबल चालू. एक-दोन नव्हे, एकतीस वर्षं! लेन्समधली बुरशी, जॅम झालेली रिळं, लग्नात पडलेले, पोरांनी खोललेले असे जिल्ह्याभरातून कॅमेरे यायचे आणि धडधाकट होऊन जायचे. लोक म्हणायचे, "जगन्नाथरावांच्या हातात जादू आहे." जगन्नाथराव माणूस वाईट नव्हते हो. "बाईच्या हातात कॅमेरा द्यायला लोकांना धीर होत नाही गं," म्हणायचे, आणि ते खरंही होतं. पण घरात, पोटच्या पोराला तरी सांगायचं की नाही? तेही राहूनच गेलं. सत्यजित दुपारी शाळेत असायचा. आई बाबांना चहा देते, फार तर स्क्रू वेचून देते, एवढंच त्याला ठाऊक होतं.

जगन्नाथराव गेल्यावर स्टुडिओ बंद झाला आणि नंदाताई फ्रिस्कोला आल्या. नात इला तेवीस वर्षांची, जन्मानं इथलीच. पोरगी खेळांचे फोटो काढायची. हायस्कूलचं अमेरिकन फुटबॉल काढता काढता एका स्थानिक वर्तमानपत्रानं तिला तीन महिन्यांच्या ट्रायलवर घेतलं होतं. शेवटचं काम होतं कॉलेजच्या एका मोठ्या मॅचचं, शनिवारी दुपारी तीनला. ते नीट झालं तर नोकरी पक्की, नाहीतर टाटा बाय-बाय. आणि नेमका त्याच शनिवारी दसरा आला.

सत्यजितनं सकाळीच उत्साहानं पाट मांडला. त्यावर लॅपटॉप, दोन्ही गाड्यांच्या किल्ल्या, बायकोचा, म्हणजे अदितीचा, स्टेथोस्कोप. इला टेबलाशी कॅमेरा साफ करत बसली होती. लेन्स काढून तिनं बॉडी पाठीवर आडवी ठेवली, तोंड वर, आणि मोठी लेन्स आणायला जिना चढली. तेवढ्यात या पठ्ठ्याला आठवलं, बाबा दसऱ्याला सगळ्या कॅमेऱ्यांची पूजा करायचे! त्यानं तो कॅमेरा उचलला, होता तसाच उघडा पाटावर ठेवला आणि भक्तिभावानं चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, वर चार अक्षता थेट त्या गोल भोकात सोडल्या. त्याला वाटलं, गणपतीच्या कपाळासारखी ही कॅमेऱ्याची जागा असणार.

इला वरून आली आणि अशी किंचाळली की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

"डॅड! दॅट्स द सेन्सर! व्हॉट डिड यू डू?"

घाबरला बिचारा. आणि घाबरलेला माणूस दुसरी चूक करतो, तशी त्यानं केली. कॅमेरा तोंडाशी नेला आणि जोरात फुंकर मारली. थुंकीचे थेंब उडाले, फोटो जिच्यावर उमटतो त्या आतल्या नाजूक काचेवर हळद-कुंकवाचं मस्तपैकी गंध तयार झालं. इला रडायलाच लागली. दुसरी बॉडी तिनं गेल्याच महिन्यात विकली होती. सर्व्हिस सेंटरवाल्यानं फोनवर दहा दिवस सांगितले. भाड्याचा कॅमेरा सोमवारच्या आधी मिळेना. घड्याळात साडेदहा झाले होते. इलानं बॅगेतून टिश्यू काढला आणि आत घालायला गेली.

"थांब!"

नंदाताईंच्या हाताला अजून श्रीखंड लागलेलं होतं. त्यांचा असा आवाज त्या घरात कुणी कधी ऐकला नव्हता.

"तो कागद आत गेला तर काचेवर ओरखडा येईल. मग देव आला तरी निघायचा नाही. आण इकडे."

"आई, तू नको हात लावूस, प्लीज," सत्यजित म्हणाला. "खूप डेलिकेट असतं ते. बाबा असते तर..."

झालं! एकतीस वर्षं गिळलेलं आता गिळवेना. नंदाताईंनी शांतपणे हात धुतले, कोपरापर्यंत, आणि पुसत पुसत मुलाकडे वळल्या.

"बाबा असते ना सत्या, तर त्यांनी हा कॅमेरा उचलून मागच्या खोलीत आणून माझ्यासमोर ठेवला असता. दुकानात आलेला प्रत्येक कॅमेरा मी खोललाय. एकूण एक. आणि पूजेच्या आधी सगळ्यांना झाकणं कोण लावायचं? कुंकू नुसतं पट्ट्याला लागेल हे कोण बघायचं? तुझे बाबा उदबत्ती लावायचे फक्त."

इलानं आजीकडे बघितलं, आजीच्या हातांकडे बघितलं. सगळी मदार त्या पोरीवर होती. नको म्हणाली असती तर तिथंच संपलं असतं. तिनं डोळे पुसले आणि कॅमेरा आजीच्या हातात दिला. "ओके आजी. टेल मी व्हॉट यू नीड."

"बॅटरी पूर्ण भरलेली हवी. साफ करताना मध्येच बंद पडायला नको. आणि तो रबरी फुगा दे, हवा मारायचा."

आधी त्यांनी बाथरूममध्ये पाच मिनिटं गरम पाण्याचा शॉवर सोडला. वाफेबरोबर हवेतली धूळ खाली बसते. वाफ पूर्ण विरेपर्यंत दारात उभ्या राहिल्या, मग आत गेल्या. कॅमेऱ्याचं तोंड जमिनीकडे धरून खालून फुग्यानं हवा मारली. भुरभुर कुंकू खाली पडलं, दोन अक्षताही पडल्या. उरलेल्या दोन त्यांनी चिमट्यानं अलगद उचलल्या. आत राहिलं ओलं गंध. इलाच्या बॅगेत सेन्सर पुसायच्या चपट्या काड्यांचं पाकीट होतं, दोन वर्षं न फोडलेलं.

"भीती वाटायची मला," इला पुटपुटली.

"वाटायलाच हवी. पण भीतीनं दोन वर्षं धूळ ठेवायची नसते."

काडीवर द्रावाचे दोनच थेंब. डावीकडून उजवीकडे एकदा. काडी उलटी करून उजवीकडून डावीकडे एकदा. मग फेकून दिली. पुन्हा घासायचं नाही, कितीही मोह झाला तरी. अडुसष्टाव्या वर्षी एरवी चहाचा कप धरताना किंचित थरथरणारा हात तिथं दगडासारखा स्थिर होता. इला दारात श्वास रोखून उभी होती, आणि तिच्या मागं सत्यजित, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखा.

तिसऱ्या काडीनंतर नंदाताईंनी लेन्स लावायला सांगितली. डाग ठळक दिसावेत म्हणून लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून कोऱ्या पांढऱ्या भिंतीचा फोटो काढला, मोठा करून बघितला. मध्ये हळदीचा एक पिवळट ओघळ होता. चौथी काडी झाली. पाचवी झाली. पुन्हा भिंत. ओघळ गेला होता, फक्त एका कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसत होता.

"तो पण काढ ना, आजी."

"नाही. तो अगदी कडेला अडकलाय. उकरायला गेलं तर मध्ये येईल. कुठे थांबायचं तेही कळायला लागतं, राणी. फोटो काढताना कोपरा जरा जास्त घे आणि नंतर कापून टाक. जा आता, जेवून निघ. आणि वाऱ्यात लेन्स बदलू नकोस, बदललीस तर तोंड खाली धरून बदल."

इलानं मॅच काढली. अशी काढली की सोमवारी पहिल्या पानावर चार कॉलम फोटो होता: बॉल छातीशी धरून हवेत आडवा झालेला पोरगा, आणि त्याच्या मागे स्वच्छ, निळंशार, एकही डाग नसलेलं आकाश. बुधवारी नोकरीचं पत्र आलं. घरात सगळे फोटोतल्या पोराचं कौतुक करत होते, नंदाताई मात्र चष्मा कपाळावर चढवून ते आकाश बघत बसल्या. ऊर भरून आला त्यांचा. मनात म्हणाल्या, हे आकाश माझं आहे.

त्यानंतर इलानं कुणाला न विचारता लायब्ररीची एक खोली बुक केली. महिन्यातला दुसरा शनिवार, सकाळी अकरा ते एक, हौशी फोटोग्राफरांसाठी आजीचा वर्ग. पहिल्या खेपेला सहा जण आले, तिसऱ्या खेपेला खुर्च्या कमी पडल्या. क्लोझेटातले कॅमेरे जॅकेटांच्या मागून बाहेर निघाले. नंदाताई मराठीत बोलायच्या, इला इंग्रजी करून सांगायची आणि सत्यजित खुर्च्या लावायचा.

"नवा कॅमेरा घेऊ नका," त्या सुरुवातच अशी करायच्या. "आहे त्याच्यावर एक बिनझूमची साधी लेन्स लावा आणि सहा महिने तीच वापरा. पाय कशाला दिलेत? पुढे जा, मागे या." एका काकूंनी भिजलेला कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवला होता. "वहिनी, तांदळाचं पीठ आत शिरलंय. कॅमेरा आहे तो, मोदक नव्हे." मंडळाच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेतून फ्लॅश मारणाऱ्याला म्हणाल्या, "तुमचा उजेड पुढच्या काकांच्या टकलापर्यंतच पोचतो. स्टेजला स्वतःचे दिवे आहेत, फ्लॅश बंद करा." माणसं हसायची, आणि घरी जाऊन फ्लॅश बंद करायची.

पाचव्या शनिवारी अनिल शेटे आले. वय सत्तरीच्या पुढं, गाव सांगली, मुलाकडे प्लेनोला राहायला आलेले. हातात एक जुना फिल्मचा कॅमेरा. घाटगे हे नाव ऐकून त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्ही जगन्नाथरावांच्या मिसेस? अहो, काय माणूस! हा कॅमेरा एक्क्याण्णव साली कृष्णेत पडला होता. मुंबईवाल्यांनी हात टेकले होते. जगन्नाथरावांनी जिवंत केला. अजून चालतो! तसा हात आता होणे नाही, वहिनी."

खोलीत सगळे कौतुकानं ऐकत होते. इला सवयीनं इंग्रजी करायला लागली आणि मध्येच थांबली. खुर्ची उचललेला सत्यजित आईकडे बघत होता. सांगलीत अशा वेळी नंदाताई पदर सावरून हसायच्या आणि चहाचं बघायला आत जायच्या.

इथं त्यांनी कॅमेरा हातात घेतला. मागचं झाकण उघडलं, अंगठ्यानं दांडी ओढून शटर उडवलं, त्याचा आवाज ऐकला. ताठ मानेनं अनिलरावांकडे बघितलं.

"आत वाळू होती," त्या म्हणाल्या. "बारीक, काळी. शटरच्या पडद्याच्या खाचेत शिरलेली. कण कण काढावा लागला. चार दुपारी लागल्या मला."