आत्याचा हलका हेडफोन

हेडफोन घ्यायला जाऊन गाण्यापेक्षा रस्त्यावरची हाक ऐकणारं गिऱ्हाईक मी एकच पाहिलं, ते म्हणजे आमची फॉलवाली आत्या. मंगळवार पेठेतल्या निम्म्या साड्यांना तिनं फॉल लावलेला असायचा. दुकानात एकेक हेडफोन कानावर चढवून, गाणं सुरू करायला लावून ती मला म्हणाली, "भाईर जा आन् हळू हाक मार. आजाऱ्यागत मार." मी कॉलेजातली पोरगी. भर दुपारी रस्त्यावर उभं राहून "ए... ए..." करताना लाजेनं अर्धी झाले.

कारण साधं होतं. लकवा झाल्यापासून तिच्या यजमानांना, म्हणजे आमच्या मामांना, रेडिओचा आवाज सोसत नसे, डोकं ठणकायचं. ते आतल्या खोलीत पडून असत आणि तोंडातून "ए" एवढंच फुटे, तेही पुटपुटल्यासारखं. आत्याची सुई तर गाण्याशिवाय पुढे सरकत नसे. दुकानदारानं कान गच्च झाकणारा भारीतला हेडफोन काढला, बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही म्हणून सांगितलं. तिनं तो तिथंच मागं सारला. कानात खुपसायचेही नकोत म्हणाली. शेवटी कानावर नुसता टेकणारा, पातळ स्पंजचा, पिसासारखा हलका हेडफोन तिनं पसंत केला, कारण त्यातून माझं कण्हणं तिला ऐकू आलं होतं.

तरी तिला भरवसा नव्हता. आवाज ती कधी निम्म्याच्या वर नेत नसे. एका गाण्यात दोनदा तरी मान वळवून आत बघायची. बघणाऱ्याचाच जीव टांगणीला लागायचा.

एका दुपारी मी गेले तर मामा पलंगाखाली पडलेले, शेजारी पाण्याचा तांब्या उलटा, कपाळातून रक्त. हाक आपल्याला ऐकू आली नाही असं समजून आत्या हेडफोनची वायर तोडायला निघाली. मामा चांगल्या हातानं नको नको करू लागले. मग त्यांनी तिच्या ओठांकडे बोट केलं. कळायला आम्हाला वेळ लागला. गाणं ऐकताना आत्याचे ओठ हलायचे. मामा ते पलंगावरून, उघड्या दारातून बघायचे आणि ओठ थांबेपर्यंत हाकच मारायचे नाहीत. तहान लागली तरी.

एवढी संतापलेली आत्या मी कधी पाहिली नाही. "माझ्या गाण्यापायी गप बसलासा तर ह्यो हेडफोन चुलीत घालीन," ती म्हणाली. "मधीच हाक मारायची. मारा बघू आता." कपाळाला पट्टी बांधून झाल्यावर तिनं गाणं लावलं, बाहेर जाऊन बसली आणि त्यांच्याकडून तीनदा हाक मारून घेतली. तिन्ही वेळा ती उठून आत गेली. मी दाराशी उभी राहून रडत होते.

त्यानंतर मामा कारण नसतानाही ऐन गाण्यात हाक मारायचे. ती कुरकुरायची, पण लगेच उठायची.

मामा गेले तेव्हा मी गारगोटीला शाळेत शिकवत होते. पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. बायकांच्या घोळक्यातून आत्यानं माझा हात ओढून घेतला.

"गाणं निम्म्यावर हुतं," ती म्हणाली. "पयल्याच हाकंला ऐकू आलं बघ मला."