कानात सांगितलेलं नाव

शेजारच्या सुजाताच्या मुलीचं बारसं होतं. पाळण्यामागे थर्माकोलच्या अक्षरांत 'आर्या' लिहिलं होतं. आर्या म्हणजे श्रेष्ठ. आमच्या सोसायटीतली ही चौथी.

आत्या बाळाच्या कानाशी वाकली. बायका हसत तिच्या पाठीत धपाटे घालत होत्या. मी पाळण्याची दोरी धरून उभी होते, म्हणून मला ऐकू आलं. ती 'आर्या' म्हणालीच नाही. 'धोंडी' म्हणाली, तीनदा.

माझी नजर ओळखून ती हळूच म्हणाली, "हिच्या आधीच्या दोघी गेल्या, वहिनी. त्यांचीही नावं सुंदरच होती."

मूल जगत नसलं की पुढच्याला दगडधोंड्याचं नाव ठेवतात, एवढं मी ऐकून होते. धोंडा कोण कशाला उचलून नेईल? म्हणजे एखादं नाव हाकेसाठी नसतंच. जो ऐकत उभा आहे, त्याला फसवण्यासाठी असतं. मागची अक्षरं मला एकदम फार मोठी वाटायला लागली.

सुजाता बाळाला पाजायला आत घेऊन गेली. पंख्याच्या वाऱ्याने रिकामा पाळणा हलू लागला. रिकामा पाळणा हलू देत नाहीत. आत्याने तो दोन्ही हातांनी धरला. मी पंखा बंद केला, तरी तिने हात काढले नाहीत.