कच्च्या लिंबावर राज्य

व्यायामाच्या खोलीत पहिल्या दिवशी फिजिओथेरपीच्या ताईंनी माझ्या नातीला विचारलं, "तुला काय काय करता यायला हवंय?"

उत्तर आम्ही घरून तयार करून नेलं होतं. जावयांच्या मते शाळेत परत जाणं महत्त्वाचं होतं. माझ्या मुलीला जिन्याची काळजी होती, कारण नवीन पनवेलमधलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारतीला लिफ्ट नाही. नऊ वर्षांच्या नातीने दोघांचं शांतपणे ऐकून घेतलं होतं. ताईंना ती म्हणाली, "मला लंगडीत आऊट व्हायचंय."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. आऊट करायचंय असं म्हणायचं असेल, असं त्यांना वाटलं असावं.

"नाही, व्हायचंच आहे," नात म्हणाली. "मी कच्चा लिंबू आहे."

आमच्या इमारतीखाली संध्याकाळी मुलं स्कूटर बाजूला सरकवून विटेच्या तुकड्याने चौकोन आखतात आणि लंगडी खेळतात. ज्याच्यावर राज्य, त्याने एका पायावर उड्या मारत बाकीच्यांना पकडायचं. जो पकडला जाईल तो आऊट, आणि पुढचं राज्य त्याच्यावर. रक्ताच्या कॅन्सरचे जड उपचार संपवून नात घरी आली तेव्हा तिला एका पायावर उभंही राहता येत नव्हतं. म्हणजे राज्य घेता येत नव्हतं, म्हणजे तिला आऊट करण्यात अर्थ नव्हता. तर्क बिनचूक होता. मुलांनी तिला कच्चा लिंबू ठरवलं: खेळायला घेतलेली, पण हिशेबात न धरलेली.

हा निर्णय तळमजल्यावरच्या एका मुलीचा. वय अकरा, दोन घट्ट वेण्या, आणि सोसायटीच्या सभेत मी आजवर न पाहिलेला निःपक्षपातीपणा. ती आधी वर येऊन माझ्या मुलीला विचारून गेली होती, "काकू, तिला धक्का लागला तर चालेल का?" माझी मुलगी म्हणाली, "अजिबात नाही." त्यावर नियम झाला.

"ते मला हातसुद्धा लावत नाहीत," नातीने ताईंना सांगितलं. "मी मधे उभी राहिले तरी बाजूने जातात."

"बरं," ताई म्हणाल्या. "मग लंगडीच शिकू. आधी टाचांवर चालून दाखव."

ते तिला जमलं नाही. औषधांनी रोग हटवला, पण पायांच्या नसा थकवल्या होत्या. पाऊल उचललं की पुढचा भाग खाली लोंबे आणि चालताना फटक फटक असा आवाज येई. बुटात प्लास्टिकचा आधार घालून ती चालायची. मांड्यांतली ताकदही गेली होती. पाटावरून उठताना हात टेकावे लागत.

मग आठवड्यातून काही दिवस नात आणि मी रिक्षाने करंजाड्याला ताईंकडे जाऊ लागलो. खोली साधी होती. एक मोठा आरसा, रंगीत चेंडू, धरून चालायचे दांडे, आणि चार पायऱ्या चढून चार उतरणारा एक लाकडी जिना, ज्याला मधे मजलाच नव्हता. मला माझ्या सरकारी नोकरीतल्या बढत्या आठवल्या. नात रबरी पट्टीत पाऊल अडकवून ओढायची, हात न लावता बुटक्या स्टुलावरून उठायची, एका पायावर उभी राहून चेंडू झेलायची. सुरुवात करण्याआधी ताई रक्ताचा रिपोर्ट बघत. प्लेटलेट कमी असल्या की उड्या बंद.

"आज पण नाही?" नात विचारी.

"आज पट्टी ओढ. पट्टी ओढणाऱ्यांचीच लंगडी चांगली होते."

तिथेच उरणकडच्या एक बाई भेटल्या. मासळी विकणाऱ्या. त्यांची लेक माझ्या नातीपेक्षा मोठी, आजार तोच. मी बाकावर पुस्तक उघडून बसे आणि त्या मला वाचू देत नसत. त्याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे, कारण त्या दिवसांत मी एकच पान वाचत होते.

"आमची होडीत चढाला बगतंय," त्या म्हणाल्या. "तुमची काय बगतंय?"

"आऊट व्हायला."

"मंग सोपा हाय," त्या म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की ताईंनी आतून डोकावून पाहिलं.

मधेच एका मंडळाने अशा मुलांचा सत्कार ठेवला. फलकावर 'बालयोद्धे' लिहिलं होतं. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि त्याची भरपाई म्हणून बराच वेळ बोलले. व्यासपीठाच्या पायऱ्या मुलांच्या गुडघ्याएवढ्या उंच होत्या, म्हणून योद्ध्यांना आयांनी उचलून वर नेलं. प्रत्येकाला मेडल, आयांना शाल आणि नारळ. परतताना रिक्षात नातीने मेडल उलटसुलट करून पाहिलं.

"आजी, मी काय जिंकले?"

मी चष्मा लावून मेडल वाचलं; त्यावर फक्त मंडळाचं नाव होतं.

"इथे पण कच्चा लिंबू," ती म्हणाली आणि मेडल माझ्या पिशवीत टाकलं.

उरणच्या बाईंचं मत व्यवहारी होतं. "नारल दिला ता बरा झाला. मेडलचा काय कालवन करशील?"

त्यानंतर घराकडे पाहिलं तर आम्हीही मंडळच चालवत होतो. जावई कॅरममध्ये रोज मुद्दाम हरत होते. मीही पत्त्यांत हुकूम लपवत होते. तिने एकदा माझे पत्ते उलटवून पाहिले आणि डाव टाकून उठून गेली. दुसऱ्या दिवसापासून मी तिला हरवायला लागले, आणि ती माझ्याशी भांडायला लागली. घरात आवाज परत आला.

मधे एका तापाने कमावलेलं सगळं घालवलं. पुन्हा पट्टी, पुन्हा स्टूल. मग बुटातला आधार निघाला. एके दिवशी दांड्याला धरून तिने एका पायावर उडी मारली, आणि काही आठवड्यांनी दांडा न धरता. आरशात तिने स्वतःकडे असं पाहिलं, जसं कुणी दुसरंच तिथे उभं आहे.

ताईंनी माझ्या मुलीला बोलावून घेतलं. "रिपोर्ट चांगला आहे, डॉक्टरांशीही बोलले. आता खेळू दे. पडेल. पडू दे."

मुलगी "हो" म्हणाली. वाटेत रिक्षात तिने तो "हो" दोनदा मागे घेतला.

संध्याकाळी मुलगी आणि मी गॅलरीत उभ्या होतो. खाली नातीने काहीतरी सांगितलं. वेण्यावालीने मान वर केली आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काकू, ही आता पक्की का?"

खेळ थांबला होता. माझ्या मुलीने कठडा धरला होता. माझ्या या लेकीने नातीच्या किती सुया, किती रात्री, किती डॉक्टरांचे चेहरे निभावले ते मी पाहिलं आहे. पण तो एक शब्द तिला जड गेला.

"पक्की," ती म्हणाली. ते खालपर्यंत पोचलं नाही, म्हणून परत म्हणाली, "हो, पक्की."

नात लगेच आऊट झाली. पाठीत चांगली थाप बसली. तिच्यावर राज्य आलं. ती लंगडी घालत चौकोनात शिरली, एकाच्या शर्टापर्यंत हात पोचला, आणि तेवढ्यात वेण्यावाली ओरडली, "पाय टेकला!"

"नाही टेकला!"

"टेकला. आम्ही बघितला."

कुणी माघार घेतली नाही. नात तिन्ही मजले पाय आपटत चढून आली. जिन्यात कुठेही थांबली नाही, हे तिच्या नाही, पण आम्हा दोघींच्या लक्षात आलं. लाल चेहऱ्याने ती म्हणाली, "ती चीटर आहे!" आणि पाणी पिऊन तशीच परत खाली गेली.

डॉक्टरांचे, ताईंचे आभार आम्ही मानले आहेत आणि मानत राहू. वेण्यावालीचे कसे मानायचे कळेना. घरात सत्काराची शाल होती, पण तिला ती नको असती. दुसऱ्या दिवशी मी तिला वर बोलावून बेसनाचा लाडू दिला.

तिने संशयाने लाडवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आजी, घेते," ती म्हणाली. "पण पाय टेकला होता हां."