उजवा कौल

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला व्यापारी कायद्यात मी सपशेल आपटले. चूक माझी नव्हती, असं माझं आजही मत आहे. त्या पुस्तकात कुणी एक साहेब दुसऱ्या साहेबाला घोडा विकायचा आणि पुढे दोघं कोर्टात भांडायचे. मी वरातीखेरीज घोडा पाहिलेला नव्हता. कायदा डोक्यात शिरणार कसा?

मुंबईहून वडिलांचं पत्र आलं. ऑक्टोबरला हा पेपर सुटला नाही तर कॉलेज बंद, घरी बसायचं. मी रडले, भांडी आदळली. आई मात्र रविवारी एसटीने एकटीच गावी गेली, ग्रामदेवाला कौल लावून आली आणि जेवताना तिने सांगून टाकलं, "तुझा कायदा सुटेपर्यंत मी मासे खायची नाय."

माझ्या आईने मासे सोडणं ही साधी गोष्ट नव्हती. तापात पडली तरी तिला पेजेबरोबर सुका बांगडा लागायचा. आता ती आम्हाला तळून वाढायची आणि स्वतः कुळथाची पिठी ओढायची. मला फार अपराधी वाटायचं. तरी मी खायचे, बांगड्यापुढे माझा इलाज चालत नाही.

मी पुन्हा दुसऱ्या वर्षाच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसू लागले. कायदा शिकवायला एक वकील यायचे; सकाळी आम्हाला शिकवायचे आणि काळा कोट चढवून कोर्टात पळायचे. एकदा त्यांनी विचारलं, "समोरचा गप्प राहिला, तर ती स्वीकृती होते का? घोडा नको, आपल्याकडचं उदाहरण द्या."

मी कशी कोण जाणे उभी राहिले. "सर, नवस. माणूस प्रस्ताव ठेवतो, पण देव गप्प. म्हणजे करार नाही. पण आमच्या गावात कौल लावतात. गुरव देवाला दोन्ही बाजूंनी फुलं चिकटवतो. उजवीकडचं आधी पडलं तर देव हो म्हणाला, डावीकडचं पडलं तर नाही. उजवा कौल ही स्वीकृती." आणि आईचे मासेही सांगून टाकले.

वर्ग खिदळला. सर मात्र खूश होऊन टेबलावरच बसले. "मासे सोडणं हे प्रतिफल, म्हणजे कराराचा मोबदला. पण श्रावणातले मासे धरायचे नाहीत हं, ते ती तशीही खात नाही! आणि गंमत बघ, करार आई आणि देवाचा, अभ्यास मात्र तुझ्या गळ्यात."

त्या दिवसापासून कायदा मला आवडायलाच लागला. प्रत्येक कलमात मी साहेबांना हाकलून आईला आणि देवाला बसवलं. परीक्षेत स्वीकृतीवर प्रश्न आला तेव्हा मला हसू आवरेना.

दिवाळीनंतर निकाल लागला. अठ्ठावन्न! मी तडक मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात गेले, घासाघीस न करता सुरमई घेतली आणि नाचतच घरी आले. आईने तिखट-मीठ लावून तुकड्या तळल्या. पहिली तुकडी तिने इतकी सावकाश खाल्ली की मला भरून आलं. मग मी ऐटीत तिला माझं परीक्षेतलं उत्तर ऐकवलं. उजवा कौल म्हणजे देवाची स्वीकृती, वगैरे.

आईने तोंडातला काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "उजवा कधी पडला? डावा पडलेला."

मी काही तिच्याबरोबर गेले नव्हते. तिने मासे सोडले म्हणजे उजवाच पडला असणार, असं मीच धरून चालले होते. "अगं, मग करार झालाच नाही! मग पाच महिने मासे कशाला सोडलेस?"

"त्यानं नाय म्हटलान," आई म्हणाली, "मी कुठं नाय म्हटलं?" आणि तिने शेवटची तुकडी स्वतःच्या ताटात ओढली.